जपानी बोटीच्या झेंड्यावरून कंपनी ओळखायची आहे, तातडीने मदत हवी

गिरगावकर: आजोबा मुंबई गोदीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत एका जपानी बोटीचा फोटो सापडला. घरची स्मरणिका शुक्रवारी छापायला जातेय, फोटोखाली कंपनीचं नाव टाकायचंय. झेंड्यावरून कुणी सांगेल का? प्लीज लवकर.

चकवा: फोटो कुठाय? झेंडा कसा आहे ते तरी लिहा.

गिरगावकर: फोटो इथे चढत नाहीये. पांढरा झेंडा, मधे काळा गोळा.

दर्यावर्दी: अहो, तो त्यांचा राष्ट्रध्वज! जुन्या फिल्मवर लाल रंग काळाच उमटायचा. हा बोटीच्या मागच्या टोकाला असणार. पुढच्या डोलकाठीवर बंदर ज्या देशाचं, त्याचा झेंडा. कंपनीचा असतो मुख्य डोलकाठीवर. तिथे काय दिसतंय?

कापूसवाले काका: एवढं बघायची गरजच नाही. मुंबई म्हणजे एनवायके, निप्पॉन यूसेन काइशा. पी अँड ओ या इंग्रजी बोट कंपनीची मक्तेदारी मोडायला १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साथीने कोबे-मुंबई लाइन त्यांनीच काढली, आपला कापूस न्यायला. झेंडा पांढरा, त्यावर दोन लाल पट्टे. १८८५ मध्ये मित्सुबिशीची बोट कंपनी आणि क्योदो उन्यु एक झाल्या, म्हणून दोन.

चकवा: काका, पट्टे आहेत असं ते कुठे म्हणाले?

सुगरण: मित्सुबिशीवरून आठवलं. मित्सु म्हणजे तीन आणि हिशी म्हणजे शिंगाडा! ते चिन्हही आधी बोटींच्या झेंड्यावरच होतं म्हणे. उपासाला चालणारी गाडी 😀

दर्यावर्दी: शिंगाडे राहू द्या. गिरगावकर, मुख्य डोलकाठी? फनेल?

गिरगावकर: डोलकाठीवरचा झेंडा गुंडाळला गेलाय, वारा नसावा. धुराडं काळं आहे, त्यावर पांढरा माणूस, हात पसरून पाय फाकवून उभा. याचा काही उपयोग आहे का?

दर्यावर्दी: हेच आधी सांगायचं ना! तो माणूस नाही, अक्षर आहे. अर्थ 'मोठा', आणि ओसाका लिहिताना पहिलं तेच येतं. ओसाका शोसेन काइशा, म्हणजे ओएसके, १८८४ ची. फनेलवर पांढरं तेच झेंड्यावर लाल, पांढऱ्या कापडावर. तुमचा झेंडा उलगडला असता तर तोच माणूस दिसला असता.

कापूसवाले काका: पण १८९३ साली तर एनवायकेच...

चकवा: फोटो १८९३ चा आहे का पण?

गिरगावकर: मागे पेन्सिलने १९३४ लिहिलंय.

कापूसवाले काका: मग हे पहिल्या ओळीत नको? तरी स्मरणिकेत कापसाचा उल्लेख कराच.

कंटेनरवाली: आता कुठले एवढे झेंडे बघता! ओएसके १९६४ मध्ये मित्सुईच्या बोट कंपनीत मिसळून एमओएल झाली. २०१८ पासून एमओएल, एनवायके आणि के लाइन तिघांचा कंटेनरचा धंदा 'वन' नावाने एकत्र. न्हावाशेव्याला येतात की त्यांच्या भडक राणी रंगाच्या बोटी. माझी मुलगी त्यांना बार्बीची बोट म्हणते.

सुगरण: बोटीचं नाव काय पण? त्यांच्या सगळ्या नावांत 'मारू' का असतं?

गिरगावकर: नावातलं शेवटचं 'मारू' तेवढंच वाचता येतंय. दर्यावर्दी, खूप आभार. 'ओसाका शोसेन कंपनीची बोट, १९३४' असं टाकतोय.

दर्यावर्दी: 'काइशा' म्हणजेच कंपनी, चालेल. आणि अक्षर उलटं छापू नका म्हणावं, दोन्ही पाय खाली.