मदत हवी आहे: ह्यूगिनच्या १६ पीटीओ फाइली एकाच चौकटीत कशा आणायच्या? (मामा तलावाचे पॅनोरमा)

नमस्कार मंडळी,

प्रश्न ह्यूगिन (अनेक फोटो जोडून एक लांब चित्र, म्हणजे पॅनोरमा, बनवणारा प्रोग्राम) आणि त्यासाठीच्या स्क्रिप्टचा आहे, पण आधी कशासाठी ते सांगतो.

साकोलीकडच्या आमच्या गावात मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली आणि असे तलाव सरकारकडे आले. पाळ बांधणं, गाळ काढणं ही कामं आधी गाव मिळून करायचं, ती मागे पडली. आता आमच्या तलावात वरच्या अंगाने बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) आत सरकत आहे. किती सरकली, यावर प्रत्येक ग्रामसभेत भांडण. "ते तं पयलेपासूनच तिथं हाय," असं एक जण म्हणतो आणि विषय तिथेच थांबतो. ज्यांची मासेमारी बुडते ते ढिवर बांधव आणि शेपटाकडच्या बांध्यांचे धानवाले, दोघांचंही म्हणणं कागदावर येतच नाही.

म्हणून गेल्या वर्षीच्या मृगापासून दर महिन्याला मी पाळीवर जातो. तुडुमाजवळच्या (तलावाचं पाणी सोडायच्या दाराजवळच्या) सपाट दगडावर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा छिन्नीने कोरून घेतल्या आहेत. कॅमेरा उभा, लेन्स १८ मिमीवर, डावीकडच्या मोहापासून उजवीकडच्या सांडव्यापर्यंत १२ फोटो. असे १६ संच झाले.

अडचण अशी की प्रत्येक संच ह्यूगिनमध्ये वेगळा जोडला, तर प्रत्येक चित्राचं क्षितिज वेगळं, रुंदी वेगळी. जुलैचं आणि जानेवारीचं चित्र एकमेकांवर ठेवलं तर पलीकडच्या महादेवाच्या देवळाचा कळस बोटभर सरकतो. देऊळच सरकत असेल तर बेशरम सरकली हे कोण मान्य करेल?

पीटीओ फाइल (फोटो कसे जोडायचे याची ह्यूगिनची नोंद) साधी मजकुराची असते, म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. जुलैच्या फाइलमधल्या 'आय'ने सुरू होणाऱ्या ओळींतून प्रत्येक फोटोचे तीन कोन (वाय म्हणजे डावं-उजवं फिरणं, पी म्हणजे वर-खाली झुकणं, आर म्हणजे बाजूला कलणं) उचलायचे आणि इतर महिन्यांच्या फाइलींत टाकायचे. पहिली चूक लवकर सापडली. मी नुसता 'वाय' शोधत होतो, पण त्याच ओळीत 'व्हीवाय' आणि 'टीपीवाय' हेही आकडे असतात, तेही बदलले जात होते. शिवाय फोटोच्या नावात मोकळी जागा होती, त्यामुळे ओळ मोकळ्या जागांवर तोडली की नाव मधूनच फाटायचं. दोन्ही दुरुस्त केलं.

दुसरी चूक मोठी. नोव्हेंबरचा पाचवा फोटो हललेला निघाला. स्क्रिप्टने त्याची 'आय' ओळ काढून टाकली आणि जोडणी पूर्ण विस्कटली. कंट्रोल पॉइंटची (दोन फोटोंत दिसणारा एकच बिंदू) ओळ अशी असते:

सी एन४ एन५ एक्स२९१० वाय१४४२ एक्स८८७ वाय१४५१ टी०

(पहिला एन, एक्स, वाय छोट्या इंग्रजी अक्षरातले, दुसरे मोठ्या.) फोटोंचे क्रमांक शून्यापासून, 'आय' ओळींच्या क्रमाने मोजले जातात. मधली एक ओळ गेली की पुढचे सगळे एकेक घर खाली येतात, पण 'सी' ओळींत जुनेच आकडे राहतात. म्हणजे मोहाच्या झाडावरचा बिंदू जाऊन पाण्यावर बसतो.

'सी' ओळींचे क्रमांक नव्याने लावायची सोपी रीत आहे का? आणि मुळात जुलैचे कोन जसेच्या तसे लावणं बरोबर आहे का? खुणा असूनही कॅमेऱ्याचं तोंड दर वेळी थोडं फिरलेलं असतं. लॅपटॉप ४ जीबीचा आहे आणि लाइन दुपारी जाते, म्हणून हलका उपाय असेल तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

पीटीओ_टेम्प्लेट नावाचं साधन ह्यूगिनसोबतच येतं. जुनी फाइल साचा म्हणून द्या, नवे फोटो द्या, झालं. स्क्रिप्ट कशाला?

धागाकर्ता

करून पाहिलं, दादा. कॅमेरा अगदी त्याच कोनात असेल तरच ते बरोबर बसतं. माझ्याकडे देऊळ सरकलेलंच राहिलं.

प्रतिसाद २

भाऊ, कोन उचलून लावू नका, नवा संच जुन्याला बांधा. जुलैची फाइल आधी आणि नव्या महिन्याची नंतर, अशा पीटीओ_मर्जने एकत्र करा. जुलैचे फोटो ० ते ११, नवे १२ ते २३. आता दोन्ही महिन्यांत न बदलणाऱ्या वस्तूंवर जुन्या-नव्यांना जोडणारे बिंदू लावा: कळस, मोबाइल टॉवर, डोंगराची कड, पाळीचे दगड. झाडांवर नको, पानगळीनंतर झाड तेच राहत नाही.

मग खरी गोम 'व्ही' ओळींत आहे. ऑप्टिमायझर (बिंदू जुळेपर्यंत कोन बदलणारं साधन) फक्त तिथे लिहिलेलेच आकडे हलवतो. म्हणून जुन्या 'व्ही' ओळी पुसा आणि फक्त वाय१२ पी१२ आर१२ पासून वाय२३ पी२३ आर२३ पर्यंत लिहा. जुलै जागचा हलणार नाही, नवा संच त्याच्याभोवती बसेल. हे चालवताना ऑटोऑप्टिमायझरला 'एन' पर्याय द्या, म्हणजे तो फाइलमधल्या 'व्ही' ओळीच वापरेल.

पाण्यावरचे आणि ढगांवरचे बिंदू आधी गाळा. 'सी' ओळीतला वाय वरून खाली मोजतात, तेव्हा पाण्यासाठी वाय अमुक आकड्यापेक्षा मोठा आणि ढगांसाठी अमुक आकड्यापेक्षा लहान असलेली ओळ स्क्रिप्टने टाकून द्यायची. पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब सीपीफाइंडला (बिंदू आपोआप शोधणाऱ्या साधनाला) खरं देऊळ वाटतं, त्याने फार घोळ होतो.

आणि कोणतीही 'आय' ओळ काढूच नका. नोनाला (फोटो चौकटीत बसवून देणाऱ्या साधनाला) 'आय' पर्यायाने क्रमांक दिले की तो तेवढेच फोटो बनवतो. १२ ते २३ द्या, हललेला फोटो असेल तर त्याचा आकडा वगळा. क्रमांक बदलायचा प्रश्नच उरत नाही. वरची 'पी' ओळ सगळ्या महिन्यांत जुलैचीच ठेवा, म्हणजे रुंदी, उंची आणि प्रक्षेपण सारखं राहील. शेवटी एनब्लेंड या साधनाने सगळे फोटो एकत्र शिवा.

धागाकर्ता

भाऊ, झालं! काल रात्री लाइन होती तोवर नोव्हेंबर आणि जानेवारी बसवले. नोव्हेंबरला पाचव्या फोटोचा १६ हा आकडा वगळला, शेजारच्या दोघांनी ती जागा जवळपास भरून काढली. कळस कळसावर आला. जानेवारीत आधी डाव्या टोकाला थोडं अंतर राहत होतं, कारण तिथे एकही पक्का बिंदू नव्हता. शेवटी मोहाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडावर दोन बिंदू हाताने लावले, तेव्हा जमलं.

दोन्ही चित्रं उघडझाप करून पाहिली. देऊळ, टॉवर, पाळ सगळं स्थिर, हलते ती फक्त बेशरमची हिरवी कड आणि पाण्याची रेघ. उरलेले संच या आठवड्यात करतो. स्क्रिप्ट नीट झाली की इथेच टाकतो, शेजारच्या गावातल्या पोरांनाही त्यांच्या तलावासाठी हवी आहे.

एक शेवटचं विचारतो. ग्रामसभेत प्रोजेक्टर नाही, चित्रं छापूनच न्यावी लागतील. सगळे महिने एकाच मापात छापायचे तर 'पी' ओळीतली रुंदी किती ठेवू?