विषय: बाबांच्या अपघाताची केस, दोन वर्षं कुठल्या तारखेपासून?

ताई (सध्या भुसावळ)
मंडळी नमस्कार, घाईत लिहितेय, इथे लाइट जाऊन-येऊन आणि उन्हानं जीव नकोसा झालाय. 7 फेब्रुवारीला न्यू जर्सीत झालेल्या अपघाताचं सगळ्यांना माहीतच आहे. बाबांना मार्चअखेर इकडे आणलं, मांडीत रॉड आहे, अजून वॉकरवरच. इन्शुरन्सवाली बाई दर आठवड्याला गोड बोलते, फाइल चालू आहे म्हणते. मला एवढंच विचारायचंय की कोर्टात जायची दोन वर्षं अपघातापासून धरायची की ऑपरेशनपासून, आणि कागदांवर बाबांची सही इथून चालेल का, नोटरी भुसावळला करू की जळगावला? मागे कोणीतरी हे सगळं केलंय ना, त्यांनी लिहा प्लीज.

जिभाऊ
अपघाताच्या दिवसापासून धर. न्यू जर्सीत 2 वर्षं. आणि त्या गोड बाईच्या भरवशावर बसू नको, क्लेम वेगळा न् केस वेगळी, क्लेमची फाइल कितीही चालू असू दे कोर्टाचं घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही. माझ्या साडूचं टेक्सासात हेच झालं, तिथेही 2 वर्षंच, तो इन्शुरन्सवाला तेविसाव्या महिन्यापर्यंत कागद मागत राहिला आणि पंचविसाव्यात म्हणे सॉरी.

धुळ्याचे अण्णा
2 नाही, 3. मला क्वीन्समधल्या वकिलानं तोंडावर सांगितलंय. शिवाय नो-फॉल्टचा, म्हणजे चूक कुणाचीही असो उपचाराचा खर्च इन्शुरन्सकडून मागायचा फॉर्म 30 दिवसांत द्यावा लागतो, तो दिला का? बाकी त्या दिवशीच्या शेवभाजीला तिखट नव्हतं हे मी तेव्हाच बोललो होतो.

जिभाऊ
अण्णा, क्वीन्स न्यूयॉर्कात. धडक नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत झाली. जिथं अपघात तिथला कायदा धरून चालायचं, टेनेसीत तर 1 च वर्ष आहे, फ्लोरिडात 4 होती ती मार्च 2023 पासून 2 केली. उगाच 3 सांगून पोरीला गाफील ठेवू नका. आणि शेवभाजी आमच्या घरून आली नव्हती.

शहाद्याची वहिनी
ताई आमच्या गाडीच्या पॉलिसीवर 'लिमिटेशन ऑन लॉसूट' लिहिलंय, हे म्हणतात त्याचा अर्थ केसच करता येत नाही, तुमच्या पॉलिसीवर बघितलं का? येताना कळण्याचं पीठ जमलं तर आणा, किलोभर पुरे.

जिभाऊ
वहिनी, ते मुदतीचं नाही. हप्ता कमी करायला आपण तो पर्याय घेतो, मग किरकोळ दुखण्याच्या वेदनांसाठी दावा लावता येत नाही. कायमची दुखापत किंवा हाड मोडून जागचं सरकलं असेल तर तरीही लावता येतो. मुदतीलाही लिमिटेशनच म्हणतात, नाव सारखं म्हणून निम्म्या मंडळाचा घोळ होतो.

सचिव
कायद्याचे प्रश्न मंडळाच्या मेल लिस्टवर नकोत असं दोनदा ठरलंय, सोलरच्या भानगडीनंतर तर लेखी ठरलंय. ताईचं आहे म्हणून चालू देतोय.

शिरपूरचा बापू
इकडचे वकील तिकडची साधी नोटरी मानतीलच असं नाही. मी फ्लॅटच्या वेळी शिकलोय, सरळ मुंबईला अमेरिकन कॉन्सुलेटला जायचं, बीकेसीत, अपॉइंटमेंट घ्यायची, शिक्क्याला 50 डॉलर. जळगावला केली तर पुन्हा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का लागेल.

ताई
बापू, वॉकरवरच्या माणसाला रात्रीच्या गाडीनं मुंबईला नेऊ?

आबा (आता कायमचे जळगाव)
नोटरी इथे कोर्टाच्या आवारात पाच मिनिटांत होते, मी सोबत येतो. मुदतीवरून आठवलं, इकडेही तोच खेळ. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात क्लेमला 6 महिने होते, 1994 ला ती अटच काढली, आणि एप्रिल 2022 पासून परत 6 महिने. माझ्या पुतण्याला हायवेवर उडवलं, घरचे दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत सातवा महिना. आता नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं अंतरिम आदेश दिलाय की उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका, तेव्हा कुठे आमच्या वकिलाचा चेहरा खुलला.

जामनेरच्या काकू
तुम्ही सगळे दोन वर्षं मोजताय, पण धडकलं काय होतं ते कोणीच विचारलं नाही. ताई, तो बर्फावर मीठ टाकणारा ट्रक होता ना? मग तो टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या गावच्या सरकारचा असणार. सरकारी गाडी असेल तर न्यू जर्सीत आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती 90 दिवसांत. नंतर द्यायची तर कोर्टाची परवानगी, तीही वर्षाच्या आत आणि कारण फार मोठं लागतं. नोटीस दिल्यावर 6 महिने थांबायचं, मग केस. आमच्या शेजाऱ्यांचं याच्यावरच अडलं. मी बोटांवर मोजलं, तुझे 90 दिवस 8 मे ला भरतात.

ताई
हो काकू, टाउनशिपचाच. दारावर नावच होतं, फोटो आहे. आज 22 एप्रिल. म्हणजे बाबांची सही, कॉन्सुलेट, कुरिअर...

जामनेरच्या काकू
कॉन्सुलेट राहू दे. नोटिशीवर जखमी माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं सही केलेली चालते, कायद्यातच आहे. नाव, पत्ता, तारीख, जागा, काय झालं, काय लागलं, कुणाविरुद्ध आणि किती रक्कम मागतोय, एवढं हवं. बऱ्याच गावांचा स्वतःचा फॉर्म असतो, क्लार्ककडे मिळतो. उद्याच वकील धर, आधी पैसे घेत नाहीत, जिंकलं तर साधारण तिसरा हिस्सा घेतात.

जिभाऊ
काकूनं म्हननं बराबर शे. मी दोन वर्षांच्या नादात होतो. बापू, आता नोटरीवर अजून एक मेल नको.

शिरपूरचा बापू
मी फ्लॅटचंच बोलत होतो.

ताई
आबा, नोटरीला येऊ नका, ऊन फार आहे. जिभाऊ, फॉर्म भरून रात्री पाठवते, तुम्ही प्रिंट काढून बाबांच्या वतीनं सही करून क्लार्कला पाठवाल का? वकिलाशी उद्या संध्याकाळी तुमच्या सकाळी बोलते.

जिभाऊ
करतो. पण वकिलाला दाखवल्याशिवाय पोस्टात टाकणार नाही. टाकलं की सर्टिफाइड मेलच करेन, पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं की स्कॅन पाठवतो. ट्रकचा तो फोटो मला वेगळा पाठव, लिस्टवर नको.