मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरवर गेमचा वेग बिघडतो

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, महालात राहतो. भाच्यांसाठी पायथनच्या पायगेममध्ये (गेम बनवायची लायब्ररी) संत्री झेलायचा खेळ बनवतोय. माझ्या लॅपटॉपवर झकास चालतो, पण ताईकडच्या जुन्या डेस्कटॉपवर संत्रं इतकं रेंगाळत उतरायचं की पोरं कंटाळून उठायची.

कारण सापडलं. मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने काढताना दर वेळी, संत्रं ५ पिक्सेल सरकवत होतो. सेकंदाला ६० फ्रेम मिळाल्या तर ३०० पिक्सेल, २० मिळाल्या तर १००च. आता दोन फ्रेममधला वेळ मोजून वेगाला गुणतो. दोन्हीकडे वेग सारखा झाला, खूप बरं वाटलं.

पण जुनं मशीन मध्येच अर्धा सेकंद अडकलं की संत्रं एका उडीत १५० पिक्सेल खाली, टोपलीतून आरपार! भाची म्हणते, "मामा, मी झेललं होतं!" तिचं खरंच असतं.

मोजलेला वेळ ५० मिलिसेकंदांवर कापला, म्हणजे त्याहून जास्त धरलाच नाही, तर अशा वेळी खेळ पुन्हा मंदावतो. १/६० सेकंदाचे ठरावीक टप्पे करून, एका फ्रेममध्ये लागतील तितके टप्पे चालवून साठलेला वेळ संपवायचा म्हटलं, तर त्या टप्प्यांच्या हिशोबातच वेळ जाऊन मशीन आणखी मागे पडत जाईल अशी धास्ती आहे. कोणी हे केलं असेल तर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती टप्पे चालवता, सांगाल का?