ड्रायर शीटचे दोन डबे आलेत, घरात ड्रायरच नाही. काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्यात, गोडोलीत राहतो. उन्हाळ्यात नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या, त्यांनी चॉकलेटं-बदामांबरोबर ड्रायर शीटचे दोन डबे आणले. एकेकात 120 सुवासिक कापडी तुकडे. "वहिनी, पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो ना, मग एकेक ड्रायरमध्ये टाकत जा."

आमचं मशीन सेमी ऑटोमॅटिक. डावीकडे धुवायचं, उजवीकडे ज्याला आपण सगळे ड्रायर म्हणतो ते. टाकली एक शीट. पाच मिनिटं घरघर झाली आणि शीट ह्यांच्या बनियनच्या पाठीला चिकटून ओलीचिंब बाहेर आली. बनियन होतं तसंच. हॉलमध्ये दोरीवर, पंख्याखाली, दोन दिवस.

मामांनी एक घेऊन चष्मा पुसला. काचेवर असा तवंग आला की म्हणाले, मोतीबिंदू परत आला की काय!

खरा घोळ पुढेच. एवढ्या वासानं किडे पळतील म्हणून आत्यांनी ज्वारीच्या कोठीत चार शीट खुपसल्या, मला न सांगता. आठ दिवसांनी दळण आणलं. भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि स्वयंपाकघरात अत्तराचं दुकान उघडलं. मामा म्हणाले, "आज भाकरीला न्हाऊ घातलंय का काय?"

कोठीत अजून पंधरा किलो ज्वारी आहे. तिचा वास कसा घालवू? आणि उरलेल्या दोनशेहून जास्त शीटचं करायचं काय? फेकवत नाहीत, नणंदबाई दिवाळीला विचारणार.

---

परळीखोरं: ताई, शीटचा दोष नाही, 'ड्रायर' शब्दाचा आहे. आपला ड्रायर म्हणजे पिळणारं भांडं, गरगर फिरून पाणी फेकतं. तिकडच्या ड्रायरमध्ये गरम हवा असते. शीट म्हणजे न विणलेलं पॉलिस्टरचं कापड, वर मऊपणा आणणाऱ्या मेणचट द्रव्याचा थर. उष्णतेनं तो वितळून कपड्यांना लागतो, म्हणून ते मऊ होतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. गार ओल्या कपड्यांत तो वितळणार कसा? मामांच्या चष्म्यावर आलं ते हेच.

कुबट वास ओलीमुळे येतो, शीट फार तर तो झाकेल. कपडे दोनदा पिळा, दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं जागा ठेवा.

बाकी वापर आहेत. पावसाळी बुटांत रात्रभर एकेक, पण बूट आधी वाळलेले हवेत. प्रवासाच्या रिकाम्या बॅगेत एक. टीव्हीच्या मागची, पंख्याच्या पात्यांवरची धूळ छान निघते आणि लगेच परत बसत नाही. स्क्रीनवर मात्र नको. न्हाणीघरातल्या नळावर साबणाचा पांढुरका थर असेल तर शीट ओली करून घासा. बोअरच्या पाण्याचे डाग तिनं निघत नाहीत, त्याला लिंबूच. टॉवेल आणि पंचे हिच्यापासून लांब ठेवा, पाणी टिपेनासे होतात.

---

धागादोरा: शिवणकाम करत असाल तर निम्म्या मला पाठवा! सुईत ओवलेला दोरा शीटवरून एकदा ओढून घ्यायचा, गुंता कमी होतो. मी आधी मेणबत्तीवरून ओढायचे. आणि डिसेंबरात हवा कोरडी झाली की सिंथेटिक साडी परकराला चिकटते ना, तेव्हा परकरावरून वरून खाली एक हात फिरवा, सुटते. पैठणीला मात्र लावू नका, तेलकट डाग पडेल.

---

कृष्णाकाठ: सांगलीहून. ज्वारी चाळून चादरीवर पसरा, कडक ऊन मिळेल तेव्हा दोन-तीन दिवस. कोठी साबणानं धुऊन उघडी वाळवा, नाहीतर वास परत लागेल. तरी शीटला चिकटून असलेले दाणे मी खाणार नाही, ते काढून टाका. अत्तर पोटात जाण्यासाठी केलेलं नसतं. कीड लागू नये म्हणून सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, आत्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

2019 च्या पुरानंतर आम्ही कपाटात अशाच शीट ठेवल्या होत्या. ओल तशीच, वर गुलाबाचा वास. दोन्ही मिळून जे झालं ते विचारू नका. शेवटी दारं उघडी टाकून, वाटीत कळीचा चुना ठेवून गेलं.

घरात मांजर असेल तर डबा बंद ठेवा. चाटलं तर तोंड पोळतं.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मांजर नाही, पण शेजारची येते, डबा माळ्यावर गेला. पंख्याचं करून बघितलं, एका शीटमध्ये तीन पंखे झाले. काल दुपारी दोन तास ऊन पडलं तेवढ्यात ज्वारी गच्चीवर पसरली, भुरभुर आली तशी पळत गोळा केली. वास निम्मा उतरलाय.

दोऱ्याचं आत्यांना दाखवलं. त्या आता गोधडीला बसल्यात आणि रोज एक शीट मागतात. कोठीबद्दल कुणीच काही बोललेलं नाही.

@धागादोरा, साताऱ्यात असाल तर खरंच घेऊन जा एक डबा.