को ०२३८ हा उसाचा वाण बुडाला म्हणून रोगप्रतिकारक वाणांची पैदासच फोल?

कालवाकाठ: उत्तर प्रदेशात को ०२३८ लाल कुजीनं (कांडी आतून लाल करून कुजवणारा बुरशीरोग) बसला. २००९ ला आला, दहा-बारा वर्षांत रोगाला बळी पडू लागला. नवा वाण काढायलाही तेवढीच वर्षं जातात. मग प्रतिकारक वाणांच्या मागं कशाला लागायचं? बेणेप्रक्रिया करा (लावणीच्या कांड्या रोगमुक्त करणं), काणीची (शेंड्यातून काळा चाबूक काढणारा बुरशीरोग) बेटं उपटा, आपला ८६०३२ वाण पुरेसा आहे.

बेणेमळा: हे वाचून गप्प बसवेना. ०२३८ आला तेव्हा लाल कुजीला मध्यम प्रतिकारकच होता. पण राज्यातल्या उसाचं ऐंशी टक्क्यांच्या आसपास क्षेत्र त्या एकाच वाणाखाली गेलं आणि बुरशीचा सीएफ १३ हा प्रकार त्यावर पोसला. चाचणी कशी होते बघा. उभ्या उसाच्या खालून तिसऱ्या कांडीला भोक पाडून बीजाणूंच्या द्रावणाचे दोन थेंब सोडतात, तोंड चिकणमातीनं बुजवतात. ६० दिवसांनी ऊस उभा चिरतात. शेंडा वाळला का, लाली किती कांड्या चढली, लालीत पांढरे आडवे पट्टे आहेत का, यावर ० ते ९ गुण. २ पर्यंत प्रतिकारक, ४ पर्यंत मध्यम. हे गुण भोकात सोडलेल्या प्रकारापुरतेच खरे. नवा प्रकार आला की चाचणी नव्यानं. दोष पैदाशीचा नाही, एकाच वाणावर सगळा भार टाकण्याचा आहे.

कालवाकाठ: उत्तरेचं सोडा. आपल्याकडं त्रास काणीचा. त्याला बेण्याची बाष्पउष्ण प्रक्रिया आहे, म्हणजे वाफेची गरम हवा, ५४ अंश, अडीच तास.

खोडवा_पाचट: दादा, ती बेण्यातली काणी मारते. शेजारच्या फडातल्या चाबकाची काळी भुकटी वाऱ्यानं येऊन उभ्या उसाच्या डोळ्यांवर (कांडीवरच्या कोंबांवर) बसते, त्याचं काय? ती खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, फुटते. प्रक्रियेत तापमान चढलं तर डोळे मरतात, उतरलं तर काणी जगते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक १०० ग्रॅम १०० लिटर पाण्यात, १० मिनिटं बुडवून, हेही वरवरचंच. लाल कुजीची बुरशी कांडीच्या गाभ्यात असते, तिथं औषध पोचत नाही. आणि बेट उपटताना चाबकावर आधी पिशवी चढवा, नाहीतर भुकटी तुम्हीच रानभर उडवता.

गाळप_हंगाम: वाण आहेत हो, कारखान्यात त्यांची नोंद कोण घेतो? फुले २६५ खोडव्याला चांगला, चोपण (खारवट) जमिनीत तगतो. तरी उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, कमी म्हणून शेतकऱ्याला तोडीत मागं टाकतात.

कालवाकाठ: उतारा बघायचाच नाही? एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरते.

गाळप_हंगाम: ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर! माझ्या उसाचा उतारा वेगळा मोजतं कोण? मला पैसे टनाचे मिळतात. उताऱ्याचा धाक शेतकऱ्याला घालू नका.

बेणेमळा: मुद्दा रास्त आहे, पण धागा रोगाचा आहे. ८६०३२ चा बाप कोसी ६७१. साखरेला उत्तम, पण दक्षिण गुजरात आणि तमिळनाडूत लाल कुजीनंच गेला. पोराच्या अंगात प्रतिकार आहे तो को ६२१९८ शी संकर केला, पुढं रोपं निवडली, म्हणून. यालाच पैदास म्हणतात. आणि तांबेरा या पानांवरच्या रोगाला ब्रू १ सारखं एक ठळक जनुक सापडलं तसं लाल कुजीला नाही. तिथं अनेक जनुकं थोडाथोडा हात लावतात, उसाची गुणसूत्रं शंभरावर. वेळ त्यात जातो. त्याला वेळकाढूपणा म्हणणाऱ्याचा राग येतो.

कालवाकाठ: वेळकाढूपणा हा शब्द माझा नाही, तोंडी घालू नका. अख्खा गट एका ८६०३२ वर ठेवू नये, एवढं मान्य. बेणेप्रक्रिया मात्र सोडणार नाही.

खोडवा_पाचट: सोडा म्हणतंय कोण? प्रतिकारक वाणाचं बेणंही प्रक्रिया करूनच लावायचं. आणि काणी दिसलेल्या फडाचा खोडवा ठेवू नका, तेवढं आधी करा.