ग्रेटिंग, रास्पी, स्ट्रायडंट, रॉकस: इंग्रजीतील कर्कश आवाजाच्या शब्दांत फरक कसा ओळखावा?

प्रश्न: भाषांतरकार

मी इंग्रजी कथांचे मराठी भाषांतर करते. ग्रेटिंग, रास्पिंग, हार्श, स्ट्रायडंट, रॉकस, श्रिल, जारिंग हे शब्द वारंवार येतात आणि शब्दकोशात जवळपास प्रत्येकापुढे ‘कर्कश’ किंवा फार तर ‘कर्णकटू’ एवढेच सापडते. सध्याच्या कथेत दाराच्या बिजागरीचा आवाज, एका वृद्धाचे बोलणे आणि सभेतील एका वक्तीचा स्वर यांसाठी लेखकाने तीन निराळे शब्द योजले आहेत. तिन्ही ठिकाणी ‘कर्कश’ लिहून मोकळे होणे मला पटत नाही. हा फरक प्रत्यक्ष आवाजाच्या जातीत आहे, की कोणता शब्द कोणाशेजारी बसवायचा याच्या रूढीत? जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे.

उत्तर: शब्दशोधक

दोन्हींत आहे, पण माझ्या मते आधी एक गोष्ट तपासावी: शब्द आवाजाचे वर्णन करतो आहे, की ऐकणाऱ्याच्या त्राग्याचे?

‘ग्रेट’ आणि ‘रास्प’ ही दोन्ही क्रियापदे जुन्या फ्रेंचमधून आली आणि दोन्हींच्या मुळाशी खरवडणे आहे. किसणीला ग्रेटर म्हणतात, तर लाकूड घासण्याच्या जाड दातांच्या कानशीला रास्प म्हणतात. जन्म असा सारखा असूनही पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रास्प आवाजापाशीच राहिला: कोरडा, खरखरीत, घशातून घासत येणारा. ग्रेट मात्र ऐकणाऱ्याच्या मनात शिरला. ‘हिज व्हॉइस ग्रेट्स ऑन मी’ या वाक्यातील आवाज मुळात खरखरीत असेलच असे नाही. तो गोड, लाडिक असूनही डोक्यात जाऊ शकतो. म्हणूनच या अर्थाने ‘ऑन’ हे अव्यय लागते आणि त्यापुढे माणूस किंवा त्याच्या नसा येतात. एखाद्याची तेच तेच बोलण्याची सवयसुद्धा ग्रेट करते. रास्प करत नाही.

संवादात ‘ही रास्प्ड’ आले की घसा कोरडा किंवा बसलेला असतो, ‘ही ग्रेटेड’ आले की बहुधा दातओठ खात बोललेले असते. शिवाय रास्पी हा दोष मानला जातोच असे नाही. अमेरिकी जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या गायनाला इंग्रजीत ग्रॅव्हली, म्हणजे खडीसारखा, म्हणतात आणि ते कौतुकानेच म्हणतात. तेथे ‘कर्कश’ लिहिले तर स्तुतीची निंदा होईल.

उत्तर: कानसेन

वरील विवेचनाला ध्वनिशास्त्राची बाजू जोडतो, कारण श्रिल आणि रास्पी यांची गल्लत फार होते. श्रिल म्हणजे उंच पट्टीचा, चिरका. त्यात खरखर असण्याची गरज नाही. शिट्टी श्रिल असते, रास्पी नसते. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्यामुळे असे स्वर टोचतात. खरखर ही वेगळी गोष्ट आहे: आवाजाची तीव्रता सेकंदाला काही दहा वेळा वरखाली होऊ लागली की कानाला तो खडबडीत लागतो, आणि सेकंदाला सुमारे ७० वेळा ती हलली की हा खडबडीतपणा सर्वाधिक जाणवतो. तो मोजण्याच्या एककाचे नावच ‘अ‍ॅस्पर’ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खरबरीत.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाटीवर बागकामाचे अवजार ओढल्याचा आवाज ऐकवण्यात आला. त्यातील सर्वांत उंच कंप्रता काढून टाकल्या तरी तो तितकाच असह्य वाटला. अंगावर काटा आणणारी गोष्ट केवळ उंच पट्टी नव्हे, हे त्यातून दिसले. या कामाला २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा, पुरस्कार मिळाला.

आता तुमची बिजागरी. गंजलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून राहतात, ताण वाढला की सुटतात आणि पुन्हा धरतात. दार हळू ढकलले तर प्रत्येक सुटका निराळी ऐकू येते. तो ‘क्रीक’, आपली करकर. हीच धरसोड जलद झाली की झटके एकमेकांत मिसळून सलग स्वर होतो. मग ‘स्क्वीक’ किंवा ब्रेकचा ‘स्क्वील’ होतो. व्हायोलिनच्या तारेवर गजही अशीच धरसोड करतो, फक्त ती नियमित असते, म्हणून तिथे सूर लागतो. लेखकाने दारासाठी क्रीक लिहिले आहे की ग्रेट, हे पाहा. ग्रेट असेल तर धातू किंवा दगड जड घासल्याची भावना हवी.

उत्तर: वाणीदोष अभ्यासक

मानवी आवाजाविषयी थोडे. होर्स म्हणजे घसा बसलेला, बहुतेकदा सर्दीने किंवा ओरडण्याने, तात्पुरता. हस्की म्हणजे घोगरा पण मोहक. तपासणीत आम्ही असे शब्द सैलपणे वापरत नाही. जपानी तज्ज्ञ हिरानो यांच्या १९८१ च्या ग्रंथातून रूढ झालेल्या मापनपद्धतीत खरखर, श्वासमिश्रितपणा, क्षीणता आणि ताण यांची स्वतंत्र नोंद होते.

स्ट्रायडंट या शब्दाबाबत मात्र विशेष सावध राहावे. लॅटिनमधील करकरण्याच्या क्रियापदापासून तो आला. त्याच मुळाचा ‘स्ट्रायडॉर’ हा वैद्यकीय शब्द श्वासमार्गाचा वरचा भाग अरुंद झाल्यावर, मुख्यतः श्वास आत घेताना येणाऱ्या आवाजाची नोंद आहे. त्यात मत नाही. स्ट्रायडंट मात्र बोलणाऱ्यावरचा शेरा आहे: आग्रही, आक्रस्ताळा. स्ट्रायडंट आणि श्रिल हे दोन्ही शब्द ठामपणे बोलणाऱ्या स्त्रियांना सहज चिकटवले जातात, अशी टीका इंग्रजीतच होत आली आहे आणि मला ती रास्त वाटते. तुमच्या कथेत हा शेरा निवेदकाचा आहे की विरोधी पात्राचा, हे पाहून शब्द निवडावा.

भाषांतरकार

आपणा सर्वांची आभारी आहे. मूळ वाक्ये पुन्हा पाहिली. दारासाठी ग्रेटिंग आहे आणि ते लोखंडी आहे, तेव्हा ‘खरडत उघडले’ असे करते. वृद्धासाठी ‘खरखरीत आवाज’. वक्तीचा स्वर तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या कानांनी ऐकला आहे, म्हणून ‘आक्रस्ताळा’ हा शब्द त्याच्याच तोंडी ठेवते. रॉकस आणि जारिंग मात्र अजून बाकी आहेत.

शब्दशोधक

रॉकसचे लॅटिन मूळ ‘घसा बसलेला’ असे असले, तरी आज तो बहुधा गर्दीचा, कावळ्यांचा किंवा मोकळ्या हसण्याचा शब्द आहे. संदर्भ आनंदाचा असेल तर ‘गलका’ किंवा ‘खिदळणे’ चालेल. जारिंगमध्ये खरखर दुय्यम आणि विसंगती मुख्य असते; रंग, वाक्य, वागणे काहीही जारिंग असू शकते. त्याला ‘खटकणारा’ हा आपला शब्द जवळजवळ सर्वत्र पुरतो.