शूबर्टच्या शेवटच्या सोनाटातले ते नऊ बार: वाजवायचे की गाळायचे?

मंदसप्तक

व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट माझा सगळ्यात लाडका. त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांशीच आज वाद घालायचा आहे, कारण खटकतं ते त्यांच्याच बाबतीत.

विषय त्याच्या बी फ्लॅट मेजर सोनाटाचा, म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या चार भागांच्या रचनेचा; सूचीतला क्रमांक डी. ९६०. पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, एक्स्पोझिशन (मुख्य धुनी मांडणारा सुरुवातीचा हिस्सा) संपतं तिथे पुनरावृत्तीची खूण आहे, आणि सुरुवातीकडे परत नेण्यासाठी शूबर्टनं नऊ बार (उभ्या रेघांमधली तालाची मापं) वेगळे लिहिले आहेत. पुनरावृत्ती न घेता पुढे गेलं की ते नऊ बार कुणाच्याच कानावर पडत नाहीत. कितीतरी मोठे वादक तसंच करतात. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडल यांनी तर ते का गाळावेत याची कारणंही लिहून ठेवली आहेत. माझ्या मते ते गाळले की सोनाटाच वेगळा होतो.

सुरुवात आठवा. अगदी साधी धून, दोन्ही हात मिळून हळू आवाजात गाणारे, शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर जाणारे. कुठे उडी नाही, कुठे घाई नाही. आणि आठव्या बारमध्ये डाव्या हाताला, खाली खोल, जी फ्लॅटवर एक ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद थरथर. पियानिसिमो, अगदी हळू. मग थांबणं. मग तीच धून पुन्हा, जणू मधे काही झालंच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, बाहेर लांबवर काहीतरी गडगडलं.

ही ट्रिल पुढे परत परत येते आणि दर वेळी दबक्या पावलांनी येते. त्या नऊ बारांच्या शेवटी मात्र ती फोर्टिसिमो, म्हणजे अतिशय मोठ्यानं, फुटते. संपूर्ण मूव्हमेंटमध्ये ती मोठ्यानं ऐकू येण्याची ही एकच जागा. त्यानंतर क्षणभर काहीच नाही, आणि त्या शांततेतून पुन्हा पहिली धून. स्वर तेच, पण ऐकणारा आता तो राहिलेला नसतो. हे एवढं मोठं काम करणारे बार वेळ वाचवायला काढून टाकायचे?

चौथं_बोट

वेळ वाचवायला कुणी काढत नाही, मंदसप्तक. निदान मी तरी नाही. हा सोनाटा माझाही तितकाच जवळचा आहे, म्हणूनच उलट बाजूनं लिहितो.

ते नऊ बार नीट वाजवून बघा. धक्के देणारी, तुटक लय. तिचं आधीच्या पानांशी नातं नाही आणि नंतर ती कुठे परतूनही येत नाही. ज्या मूव्हमेंटमध्ये प्रत्येक गोष्ट दुसरीतून उगवते तिथे हे उपरं वाटतं. ब्रेंडल यांचा आक्षेप साधारण हाच आहे आणि मला तो पटतो.

दुसरं, ट्रिलबद्दल. तिची ताकद ती न फुटण्यात आहे. ती सतत खाली दबा धरून बसलेली असते, कधीही वर येईल असं वाटत राहतं आणि ती येत नाही. एकदा फोर्टिसिमोत फोडली की पुढच्या सगळ्या ट्रिलमधला धोका संपतो.

आणि पुनरावृत्तीची खूण म्हणजे कायदा नव्हे. त्या काळी एक्स्पोझिशन संपलं की ती घालण्याची रीतच होती.

मंदसप्तक

रीत होती म्हणून घातली असती, तर नुसते दोन ठिपके आणि रेघ घालून मोकळा झाला असता. नऊ बार नवे लिहायला कुणी सांगितलं होतं? बीथोव्हननं शूबर्टच्या लहानपणीच आपल्या ‘आपासिओनाटा’ सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटमधून ही पुनरावृत्ती काढून टाकली होती. म्हणजे वाट मोकळी होती. तरी शूबर्टनं ती ठेवली आणि तिच्यासाठी खास मजकूर लिहिला. ही सवय नव्हे, निवड आहे.

आपासिओनाटावाला

माझ्या नावाचा सोनाटा निघालाच आहे, तर बोलतो.

वाद नऊ बारांचा नाहीच. हा सोनाटा मुळातच फार पसरट आहे. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांचं १९७२चं ध्वनिमुद्रण मी मन लावून, डोळे मिटून ऐकलं. पुनरावृत्तीसह एकटी पहिली मूव्हमेंट २४ मिनिटांच्या पुढे जाते! ब्रेंडल पुनरावृत्ती सोडून १५च्या आसपास संपवतात, तरी मला ती लांबच वाटते.

बीथोव्हन चार स्वरांचा तुकडा घेतो, तो ठोकतो, वाकवतो, उलटा करतो, आणि त्यातून इमारत उभी राहते. शूबर्टकडे सुरुवातीलाच पूर्ण झालेलं गाणं असतं. पूर्ण झालेल्या गाण्याचं पुढे काय करणार? तो ते दुसऱ्या सुरावर नेऊन पुन्हा गातो. सुंदर असतं, मान्य. पण मला त्यात विचार पुढे सरकताना दिसत नाही.

मंदसप्तक

दिसत नाही, कारण तुम्ही तो धुनीत शोधताय. तो शोधा त्या एका काळ्या पट्टीत.

ट्रिल कशावर आहे? जी फ्लॅटवर. बी फ्लॅट मेजर या सोनाटाच्या मूळ स्वरसप्तकात हा पाहुणा स्वर. पहिलं पान उलटायच्या आत अख्खी धून जी फ्लॅट मेजरमध्ये जाऊन बसते, म्हणजे पाहुण्यानं घरच ताब्यात घेतलं. मग बी फ्लॅटमध्ये परत. आणि दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य धून, येतो कुठे? एफ शार्प मायनरमध्ये. पियानोवर ती तीच काळी पट्टी, नुसतं नाव बदललेलं. नियमाप्रमाणे जिथे जायला हवं त्या एफ मेजरला तो फार उशिरा पोचतो. डेव्हलपमेंट (धुनी फिरवून वाढवणारा मधला हिस्सा) सुरू होतं सी शार्प मायनरमध्ये आणि दुसरी मूव्हमेंट तर मुळातच सी शार्प मायनरमध्ये आहे. बी फ्लॅटपासून इतकं दूर की घर आठवूही नये.

आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये दर वेळी जी या स्वराच्या ऑक्टेव्हनं (तोच स्वर दोन उंचींवर एकदम) हाक मारून धून सुरू होते. अगदी शेवटी ती हाक जी वरून जी फ्लॅटवर आणि तिथून एफवर उतरते. सुरुवातीला जो स्वर गडगडून थबकला होता, त्याला इथे वाट मिळते. चार मूव्हमेंट ओलांडून! याला विचार पुढे सरकणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? बीथोव्हन लयीचा तुकडा घेऊन वाद घालतो, शूबर्ट एक स्वर मनात धरून चालत राहतो.

आपासिओनाटावाला

जी, जी फ्लॅट, एफ ही उतरण माझ्या लक्षात आली नव्हती. ती ऐकेन. लांबीबद्दलचं मत मात्र तेच आहे.

पाय_पेडलवर

लांबीचं अर्धं दुखणं वाद्याचं आहे आणि अर्धं गतीचं, असं माझं ठाम मत आहे. त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

१८२०च्या दशकातला व्हिएन्नाचा पियानो आजच्या कॉन्सर्ट ग्रँडसारखा नव्हता. आत ओतीव लोखंडी चौकट नाही, तारा बारीक, हातोड्यांना चामडं, पट्ट्या हलक्या आणि उथळ. खालच्या स्वरांना घुमारा कमी, धार जास्त. आजच्या ग्रँडवर ती जी फ्लॅटची ट्रिल एक सलग गुरगुर होते. जुन्या पियानोवर दोन्ही स्वर वेगवेगळे थरथरताना ऐकू येतात. शिवाय त्या वाद्यांना मॉडरेटर नावाचं पेडल असायचं. ते दाबलं की हातोडा आणि तारेमध्ये कापडाची पट्टी सरकते आणि आवाज एकदम पडद्याआड जातो. शूबर्ट पियानिसिमोच्याही खाली, तीन पी लिहितो तेव्हा त्याच्या कानात नुसता लहान आवाज नसावा, रंगच दुसरा असावा असं मला वाटतं. पियानोवादक आंद्राश शिफ यांचं २०१५ मध्ये आलेलं ध्वनिमुद्रण ऐका. १८२०च्या सुमाराच्या ब्रॉडमन पियानोवर त्यांनी हाच सोनाटा वाजवला आहे.

आता गती. वर लिहिलं आहे मोल्टो मोडेराटो. मोडेराटो म्हणजे बेताची चाल, थांबलेली नव्हे. रिख्टर यांच्या गतीत धुनीचे खांदे पडतात. मी त्यांना फार मानते, पण या एका ठिकाणी नाही.

काळी_पांढरी

रिख्टरबद्दल हे वाचून गप्प बसवत नाही. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचा किस्सा तुम्हाला ठाऊक असेल. १९५७ मध्ये ते मॉस्कोला गेले असताना त्यांनी रिख्टर यांना हाच सोनाटा वाजवताना ऐकलं. शूबर्टमधल्या पुनरावृत्त्या गूल्ड यांना मुळीच सोसत नसत, आणि गती तर त्यांनी कधी ऐकली नव्हती इतकी संथ. तरी पुढचा वेळ आपण भारल्यासारखे बसून होतो, असं ते नंतर सांगत. शूबर्ट न आवडणाऱ्या माणसाला जी गती जागेवर खिळवून ठेवते, ती चुकीची कशी म्हणायची?

मी स्वतः हौशी वाजवणारी. पहिली मूव्हमेंट शिकायला मला पावणेदोन वर्षं लागली. स्वर अवघड नाहीत, ते महिन्याभरात हाताला बसतात. अवघड आहे ते पहिल्याच ओळीत उजव्या हाताच्या करंगळीनं धून धरून ठेवणं आणि बाकीच्या बोटांनी कुजबुजणं. ते एकदा साधलं की शिक्षक म्हणाले, पुनरावृत्ती सोड, तुला दुसऱ्यांदा तो आवाज लागणार नाही. खरंच लागत नव्हता. पहिल्या खेपेला हात ताजे असतात, दुसऱ्या खेपेला खांदा बोलायला लागतो. मी ती सोडूनच वाजवत आले आणि ते नऊ बार कधी शिकलेच नाही. मंदसप्तक, तुमचं वाचून आज पान उघडून बसले आहे.

पाय_पेडलवर

गूल्ड यांचं भारावणं मान्य. पण ते रिख्टर यांच्या एकाग्रतेचं यश आहे, त्या गतीचं नव्हे. तीच गती दुसऱ्या कुणी धरून बघावी. पियानोवादक विल्हेल्म केंफ पुनरावृत्ती घेतात आणि तरी वाहते राहतात.

चौथं_बोट

परत मूळ मुद्द्यावर येतो. हा सोनाटा छापून आला तो १८३९ मध्ये, शूबर्टला जाऊन अकरा वर्षं होत आली असताना. त्याला तो संगीतकार हुमेलला अर्पण करायचा होता. तोवर हुमेलही गेला होता, म्हणून प्रकाशकानं अर्पणात संगीतकार शुमानचं नाव घातलं. म्हणजे छापण्याआधीची शेवटची नजर शूबर्टला टाकताच आली नाही. ते बार त्यानं ठेवलेच असते असं खात्रीनं कसं म्हणता?

मंदसप्तक

पण त्याची स्वतःची स्वच्छ हस्तलिखित प्रत आहे, शेवटी तारीख घातलेली: २६ सप्टेंबर १८२८. लगेच २ ऑक्टोबरला तो प्रोब्स्ट या प्रकाशकाला कळवतो की आपण तीन सोनाटा लिहिले आहेत, आणि ते बऱ्याच ठिकाणी वाजवून दाखवले, लोकांना खूप आवडले. म्हणजे त्याच्या लेखी काम झालेलं होतं. १९ नोव्हेंबरला तो गेला, वय ३१. पुढे त्यानं काय बदललं असतं हे तुम्ही आणि मी दोघंही सांगू शकत नाही. जे लिहिलं ते समोर आहे.

आणि “उपरं” म्हणता, तर त्याच्याच आधीचा ए मेजर सोनाटा घ्या, डी. ९५९. त्यातली आंदांतिनो ही दुसरी मूव्हमेंट कशी सुरू होते? पाळण्याच्या लयीत, एकाकी. आणि मधे काय होतं? सगळी चौकट मोडून स्वर अंगावर धावून येतात. तिथे कुणी म्हणतं का, हे उपरं आहे, गाळा? त्या महिन्यांत लिहिणाऱ्या माणसाच्या आतच हे होतं. बी फ्लॅटमध्ये त्यानं ते नऊ बारांत कोंडलं, एवढंच.

चौथं_बोट

आंदांतिनोचं उदाहरण चांगलं आहे, आणि माझी बाजू त्यानं थोडी हलते हे कबूल. पण तिथे तो उद्रेकाला पानंच्या पानं देतो. तो हळूहळू चढतो, शिखरावर जातो, आणि नंतर पहिली धून परतते तेव्हा तिच्यावर त्याचे ओरखडे दिसतात. इथे नऊ बार आणि मग धून जशीच्या तशी. ओरखडा एकही नाही.

काळी_पांढरी

ओरखडा कागदावर नाही, वाजवणाऱ्याच्या हातावर आहे ना! आज दुपारी ते बार पहिल्यांदा वाजवले, अडखळतच. त्या ट्रिलला खालच्या पट्ट्यांवर जोर लावावा लागतो. त्यानंतर लगेच सुरुवातीचा तो कुजबुजता कॉर्ड, एकदम वाजणारे स्वर. पूर्वी मला वाटायचं, दुसऱ्या खेपेला आवाज लागत नाही हा माझा दोष. आज तो वेगळा लागला, थोडा भेदरलेला, आणि मला तो चुकीचा वाटला नाही.

आपासिओनाटावाला

केंफ ऐकले, पुनरावृत्तीसकट. शेवटी ती उतरणही सापडली, जी, जी फ्लॅट, एफ. दोनदा मागे जाऊन ऐकली. पहिली मूव्हमेंट अजूनही लांब वाटते. दुसरीबद्दल इथे कुणी फारसं लिहिलंच नाही, आणि मला तर तीच सगळ्यात जास्त भावली. मधल्या पट्ट्यांवर सगळं गात असताना डावा हात उजव्यावरून वर जाऊन जो एकेक स्वर ठेवतो, तो मध्येच मोठा होतो का कुठे? की सगळीकडे तसाच ठेवायचा?

चौथं_बोट

तसाच ठेवायचा. तिथे हात ओलांडून जातो तेव्हा आवाज आपोआप वाढतो, तोच आवरायचा असतो.

आणि मंदसप्तक, काल रात्री मीही ते नऊ बार वाजवून पाहिले, बऱ्याच वर्षांनी. ट्रिल संपल्यावर हात उचलला आणि पहिल्या कॉर्डवर परत ठेवायला मला वेळ लागला. बाहेर वाजवायची वेळ आली तर अजूनही गाळेन. घरी मात्र आता गाळणार नाही.